बादलीभर उष्णतेचा हिशेब

मुंबईत थंडीसाठी घर तापवावे लागत नाही, पाणी तापवावे लागते. प्रभादेवीतल्या एखाद्या घराच्या वीजबिलावर किंवा गॅसच्या बिलावर डिसेंबर-जानेवारीची जी काही खूण उमटते, ती न्हाणीघरातून येते. युरोप-अमेरिकेत बाहेरचे सरासरी तापमान साधारण १८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की घर तापवण्याची गरज मोजायला सुरुवात होते. मुंबईत ऐन जानेवारीतही दिवस-रात्रीची सरासरी २४ अंशांच्या आसपास असते. कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवलेले आजवरचे नीचांकी तापमान ११.७ अंश आहे आणि सांताक्रूझचे ७.४ अंश. दोन्ही नोंदी २२ जानेवारी १९६२ या एकाच तारखेच्या आहेत.

एकाच दिवशी, एकाच शहरात चार अंशांहून अधिक फरक पडला तो समुद्रामुळे. पाणी हळू तापते आणि हळू निवते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीला किंवा दगडाला तिचा चौथा-पाचवा हिस्साही पुरतो. त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि समुद्र दिवसभरात घेतलेली ऊब धरून राहतो. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. प्रभादेवीच्या पश्चिमेलाही समुद्रच आहे, म्हणून तिथली थंडी बोरिवली-मुलुंडच्या मानाने सौम्य असते. पाण्याचा हाच जड स्वभाव न्हाणीघरात मात्र खिशावर येतो. ज्या गुणामुळे समुद्र किनाऱ्याला उबदार ठेवतो, त्याच गुणामुळे बादलीभर पाणी तापवायला एवढे इंधन जाळावे लागते.

हवा २० अंशांची असताना अंगावर एखादी शाल पुरते. मग २४ अंशांच्या पाण्याने अंघोळ करताना हुडहुडी का भरते? स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. गोधडीत किंवा घोंगडीत ऊब राहते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कातडीचे तापमान ३३-३४ अंश असते, त्यामुळे त्याहून थंड पाण्याचा प्रत्येक तांब्या अंगातली ऊब ओढून घेतो. त्यात हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे वारे कोरडे असतात. ओल्या अंगावरचे पाणी भराभर वाळते, आणि पाण्याचा एक ग्रॅम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणून अंघोळीचे पाणी ४० अंशांच्या आसपास लागते. म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि दम्याचे रुग्ण यांच्या बाबतीत याला चैन म्हणता येणार नाही.

आता हिशेब. एका माणसाच्या अंघोळीला एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी धरले आणि ते २४ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायचे ठरवले, तर २० गुणिले १६, म्हणजे ३२० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका युनिटात पावणेतीन बादल्यांहून किंचित कमी पाणी तापते. चौघांच्या घराला रोज दीड युनिट लागते आणि महिन्याला ४५ युनिटे. हा निसर्गाने ठरवलेला किमान आकडा आहे. कितीही महागडे गीझर आणले, तरी त्याची कांडी याहून कमी विजेत तेवढे पाणी तापवू शकत नाही.

पाणी किती वापरायचे, हे मात्र माणसाच्या हातात असते, आणि सर्वांत मोठी बचत तिथेच आहे. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की ८० लिटर पाणी जाते. चौघांना दिवसभरासाठी बादलीने जेवढी ऊब लागते, तेवढी शॉवरखाली एकट्याला लागते. चौघेही तसेच न्हाले तर महिन्याचा आकडा ४५ वरून १८० युनिटांवर जातो. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे त्याहून जास्त. दिवे, फ्रिज हे चालणारच, त्यामुळे गीझरची युनिटे हिशेबात वरच्या टप्प्यात पडतात आणि महाग पडतात. तरीही हा खर्च कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण थंडीत पंखे आणि एसी थांबल्याने एकूण बिल उतरलेलेच असते. गीझरचा भार त्या उतारात लपतो.

गिरणगावातल्या जुन्या घरांना हा हिशेब करावा लागत नसे, कारण पाण्याचे मापच घराने ठरवून दिले होते. प्रभादेवीशेजारच्या वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत कोपऱ्यातली मोरी हेच न्हाणीघर. स्टोव्हवर पातेलेभर पाणी कढत करायचे, ते बादलीत ओतायचे आणि वरून विसण घालायचे. ऐसपैस घरांत तांब्याचा बंब असे. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तिच्या तळाशी निखारे आणि भोवती पाणी. वर जाणारा धूर वाटेत आपली बरीचशी उष्णता नळीच्या तांब्याला देत जातो आणि तांबे ती पाण्याला देते. चुलीवरच्या पातेल्याला आच फक्त बुडाला लागते आणि बाकीची कडेने निसटते. बंबात आगच पाण्याच्या कवेत असते. करवंट्या, लाकडाचे तुकडे, कोळशाचा चुरा, जे हाती येईल ते त्यात खपे. कामगार वस्तीला साजेसे असे हे उत्तम यंत्र होते. त्याचा एकच मोठा दोष म्हणजे धूर, आणि तो घरातल्या बाईच्या छातीत जाई.

बंबाची जागा गीझरने घेतली. साठवणीच्या गीझरमध्ये विजेची जवळजवळ सगळी ऊर्जा पाण्यात उतरते. वाया जाते ती नंतर, टाकीच्या भिंतींतून. गीझरवरचे तारे हीच गळती सांगतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि त्याखाली स्थापन झालेली ऊर्जा कार्यक्षमता संस्था म्हणजे बीईई २००२ ची. तिच्या चाचणीत पाणी न वापरता टाकी गरम ठेवायला दिवसाला किती वीज लागते ते मोजतात आणि त्यावरून तारे देतात. जास्त ताऱ्यांचे गीझर पाणी लवकर तापवते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ते पाणी गरम राखते.

गीझर सारखे चालू-बंद केल्याने जास्त वीज जाते, दिवसभर चालू ठेवलेले स्वस्त पडते, असे पुष्कळ घरांत मानतात. हे कोणत्याही परिस्थितीत खरे नाही. उष्णतेची गळती टाकीच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतल्या फरकावर चालते. पाणी जसजसे निवते तसतशी गळतीही मंदावते. टाकी कायम ६० अंशांवर ठेवली तर गळती कायम जास्तीत जास्त वेगाने चालू राहते. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांवर साठलेली जादा ऊब मुळातच ९०० किलोकॅलरी असते, म्हणजे जेमतेम एक युनिट. बंद करून ती पूर्ण निवू दिली तरी नुकसान एवढ्यावर थांबते. चालू ठेवल्यास त्याला अंत नाही. या टाकीतल्या पाण्यात विसण घातले की ४० अंशांचे ५६ लिटर पाणी होते, जवळजवळ तिघांच्या अंघोळीपुरते. म्हणून घरातल्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात आणि शेवटच्याने न्हाणीघरात शिरण्यापूर्वी बटण बंद करावे. दिवसात चार वेळा चार जणांसाठी टाकी तापवणे हे सर्वांत महाग.

तापमान मात्र फार खाली आणू नये. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. २० ते ४५ अंश हा त्यांचा आवडता पट्टा आहे, ६० अंशांवर ते मरतात. आणखी एक चोर म्हणजे नळी. अर्ध्या इंची नळीच्या दहा मीटर लांबीत सव्वा लिटरच्या आसपास पाणी मावते. गीझर नळापासून लांब असेल तर प्रत्येक वेळी तेवढे गरम पाणी नळीतच निवून जाते. मुंबईच्या तलावांचे पाणी मृदू आहे, त्यामुळे कांडीवर क्षारांचा थर सहसा साचत नाही. ज्या इमारतीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळते, तिथे तो साचतो आणि पाणी तापायला वेळ लागतो.

बादलीत बुडवायचा रॉड शास्त्राच्या दृष्टीने काटकसरीचा आहे, कारण तो हवे तेवढेच पाणी तापवतो. मात्र त्याने जीवही जातात. रॉडचे बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये, आणि घरात गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी नसेल तर रॉड वापरूच नये.

वीज की गॅस, याचे उत्तर दर बदलतील तसे बदलते. तुलना करायची रीत मात्र सोपी आहे. नळाने येणाऱ्या गॅसच्या एका घनमीटरातून साधारण ८,५०० किलोकॅलरी निघतात. गॅस गीझरमध्ये त्यातल्या ८० टक्के पाण्यात उतरल्या, तर २१ बादल्या तापतात. विजेची आठ युनिटे तेवढेच काम करतात. म्हणजे एका घनमीटराचा भाव आठ युनिटांच्या भावापेक्षा कमी असेल तर गॅस स्वस्त. हे प्रत्येकाला स्वतःची दोन बिले शेजारी ठेवून पाहता येते. १४.२ किलोचा सिलिंडर शेगडीवर पातेले ठेवून वापरला तर साधारण तीनशे बादल्या निघतात.

गॅस स्वस्त ठरला तरी त्याची एक अट आहे आणि तीत तडजोड नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारे गीझर तासाला सुमारे १.२ घनमीटर वायू जाळते. प्रत्येक घनमीटरामागे दहा घनमीटर हवा लागते. पुनर्विकासात मिळालेल्या लहान सदनिकेच्या न्हाणीघरात सारी मिळून सहा-सात घनमीटर हवा असते. दार लावलेले, थंडी म्हणून खिडकीही लावलेली, अशा जागेत अर्ध्या तासाच्या आत प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, फक्त चक्कर येते आणि पाय जागेवरून हलत नाहीत. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावे आणि पाणी तेवढे नळीने आत आणावे.

विजेच्या एका युनिटात पावणेतीनच बादल्या, हा नियम फक्त कांडीला लागू आहे. उष्णता निर्माण करण्याऐवजी दुसरीकडून उचलून आणली तर तो ओलांडता येतो. फ्रिज आतली उष्णता उचलून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तेच काम उलट हेतूने करणारे यंत्र म्हणजे उष्णतापंप. बाहेरच्या हवेतली ऊब तो पाण्यात ढकलतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये ही कल्पना मांडली होती. हवा आणि पाणी यांच्या तापमानांत अंतर जितके कमी तितका पंप कमी दमतो. ५५ अंशांचे पाणी मिळवायचे असेल तर उणे १० अंशांच्या हवेतून ६५ अंशांचा चढ चढावा लागतो. प्रभादेवीच्या जानेवारीतल्या पहाटे हा चढ ३५ अंशांचाच असतो, दुपारी त्याहूनही कमी. युरोपात थंडीशी झगडत वापरले जाणारे हे यंत्र मुंबईच्या हवेत कितीतरी आरामात चालते. एका युनिटात तीन युनिटांची ऊब, म्हणजे आठ बादल्या, ही अपेक्षा इथे वाजवी आहे. पंपाची किंमत गीझरपेक्षा बरीच जास्त असते आणि त्याला मोकळी हवा लागते. त्यामुळे एकेका घरापेक्षा सोसायटी, वसतिगृह, रुग्णालय यांना तो अधिक परवडतो.

उरला सूर्य. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो आणि आकाश स्वच्छ असते. दोन चौरस मीटरच्या सपाट सौर संकलकातून अशा दिवशी साधारण १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापते. चौघांच्या घराला, विसण घालायचे असल्याने, असे ३५-३६ लिटर पुरते. बीडीडीची चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची आणि ८० खोल्यांची. ८० कुटुंबांना सुमारे २,८५० लिटर लागले असते आणि त्यासाठी ५७ चौरस मीटर संकलक. चाळीची लांबरुंद गच्ची ते सहज पेलू शकली असती.

आता तिथे आणि आसपास मनोरे उभे राहत आहेत. ४० मजले आणि मजल्याला चार घरे धरली तर १६० कुटुंबांना सुमारे ११५ चौरस मीटर संकलक लागतात. टाक्या आणि लिफ्टची खोली सोडूनही अनेक मनोऱ्यांच्या गच्चीवर एवढी जागा निघते. खरी अडचण नळीची आहे. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत १२० मीटर जाणारी आणि तेवढीच परत येणारी गरम वाहिनी मीटरमागे १० वॅट गमावते असे धरले, तर दिवसाला ५८ युनिटे नुसती भिंतीत मुरतात. साऱ्या इमारतीची गरज २४० युनिटांची, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला. हीच वाहिनी पहाटे चार तासच फिरवली आणि तिला जाड वेष्टन दिले तर नुकसान दहा युनिटांच्या आत येते. इमारत उभी राहिल्यावर अशी वाहिनी घालणे जवळजवळ अशक्य असते.

प्रभादेवी, परळ, लालबागमधल्या शेकडो इमारतींचे नकाशे सध्या पुनर्विकासाच्या टेबलावर आहेत. त्या बैठकांत पार्किंग आणि चटईक्षेत्रावर तासन्‌तास चर्चा होते. सभासदांनी तिथे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात आणि करारात लिहून घ्याव्यात. वेष्टन घातलेली गरम पाण्याची वाहिनी कुठून जाणार, गच्चीची कोणती बाजू दक्षिणेकडे मोकळी राहणार, आणि गॅस गीझरसाठी न्हाणीघराबाहेर हवेशीर जागा कुठे ठेवली आहे.