दहा रेषा, दहा पट्टे

बँकॉकच्या वाट फो मंदिरातल्या शयनस्थ बुद्धाच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हे आहेत. बहुतेक प्रवासी तेवढी पाहून परततात. पण तिसरा राम या राजाने १८३० च्या दशकात याच मंदिराचा जीर्णोद्धार करताना वैद्यकाचे ज्ञान शिळांवर कोरून घेतले. त्यात मालिशीच्या ६० आकृत्या आहेत: मनुष्यदेह, त्यावर रेषा आणि दाबबिंदू.

या रेषा म्हणजे ‘सेन’. मुख्य सेन दहा. त्या नाभीपाशी उगम पावतात आणि हातापायांकडे, डोळ्या-कानांकडे जातात. इत्था, पिंगखला, सुमना ही नावे ऐकताच आपल्याला योगातल्या इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या ओळखू येतात. थाई परंपरा आपला आद्यगुरू मानते तो जीवकही राजगृहाचाच, बुद्धाचा वैद्य.

तळव्याचे बिंदू दाबण्याची पद्धत, म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी, हीही दहाच पट्टे सांगते, पण तिचे घर अमेरिकेत आहे. कनेक्टिकटमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी १९१७ मध्ये एडविन बॉवर्स यांच्यासह ‘झोन थेरपी’ हे पुस्तक काढले. त्यात देहाचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पाडले होते. युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात साऱ्या अवयवांचा नकाशा तळव्यावर मांडला: अंगठ्यात डोके, आतल्या कडेला पाठीचा कणा. इजिप्तमधल्या सक्कारा येथील थडग्यातल्या चित्राचा दाखला देऊन ही विद्या हजारो वर्षांची ठरवली जाते. मला तो पटत नाही. त्या चित्रात माणसे हातपाय हाताळताना दिसतात, नकाशा कुठेच नाही.

खरा गुंता थायलंडच्या मालिशीच्या दुकानांत आहे. तिथे क्रीम लावून गुडघ्यापर्यंत पाय रगडतात, लाकडी काठीने तळव्यावर दाब देतात, आणि भिंतीवर मात्र इंगहॅमच्या वळणाचा तक्ता असतो. म्हणजे ज्याला आपण प्राचीन थाई पादमालिश समजतो, त्यात विसाव्या शतकातली अमेरिकन भर बरीच आहे. युनेस्कोने २०१९ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतलेली ‘नुआद थाई’ ही मात्र सगळ्या अंगाची, ताण-दाबाची पद्धत आहे.

तळव्याचा अमुक बिंदू दाबला की मूत्रपिंड सुधारते, असा मार्ग शरीरशास्त्राला सापडलेला नाही. संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये रिफ्लेक्सॉलॉजीच्या १८ चाचण्या तपासल्या. कोणत्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. स्पर्शाने मिळणारा आराम मात्र खोटा नाही. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळतात ते शांत झोपेसाठी, आणि तेवढी अपेक्षा रास्तच आहे. आजार ओळखण्याचा दावा कुणी तळवा दाबून करू लागला, तर तिथून उठावे. मधुमेहाने पायाची जाणीव मंदावलेल्यांनी काठीचा दाब घेऊ नये, कारण जखम झालेली कळतच नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी मालिश टाळून आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.