शेपटीचा पंखा कुठल्या बाजूला?

गडचिरोली जिल्ह्यातले वडसा आणि देसाईगंज हे एकच गाव. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा, तालुक्याच्या कागदांवर देसाईगंज. नवखा गोंधळतो, गावकऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. फोटोवरून हलकी विमाने आणि हेलिकॉप्टरे ओळखणाऱ्यांची मात्र अशा दुहेरी नावांशी रोजची गाठ असते.

निवडणूक आली की गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके पोचवायला हवाई दलाची एमआय-१७ येतात आणि मोबाइलवर भराभर फोटो निघतात. या यंत्राचे मूळ एमआय-८. जास्त ताकदीची इंजिने बसवून त्याचे एमआय-८एमटी झाले आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी सोव्हिएत संघाने त्यालाच एमआय-१७ म्हटले. वरचा पाच पात्यांचा पंखा दोघांनाही तोच, खालची तीन पायांची चाकेही तीच. खूण शेपटीत आहे : एमआय-८ चा छोटा पंखा उजव्या अंगाला, एमआय-१७ चा डाव्या.

पण थांबा. छापताना फोटो उलटा झाला, तर डावे-उजवेही फिरते! म्हणून जाणकार आधी अंगावरची अक्षरे सरळ आहेत ना, ते पाहतात आणि मगच शेपटीकडे वळतात.

चेतक आणि चीता यांची गोष्ट याहून मजेदार. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे चेतक म्हणजे फ्रान्सचे अलुएत-३, आणि चीता म्हणजे तिथलेच लामा. लामा जन्मले तेच भारतीय सैन्याला हिमालयात उंच उडणारे हेलिकॉप्टर हवे होते म्हणून : अलुएत-२ चा सांगाडा, त्यावर अलुएत-३ चे इंजिन आणि पंखा. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि १९७२ मध्ये झां बुले यांनी ते १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. फोटोत दोघांची गल्लत व्हायचे कारण नाही. चीताची शेपटी उघड्या नळ्यांची, विजेच्या मनोऱ्यासारखी, आणि खाली पट्ट्या. चेतकची शेपटी पत्र्याने झाकलेली आणि खाली चाके. झाडीपट्टीच्या नाटकांचा रसिक दाढी-मिशीतल्या नटालाही चालीवरून ओळखतो, तसेच इथे. रंग बघू नये, तो कुणीही बदलतो.

विमानांत पहिला प्रश्न पंखाचा. सेस्ना १७२ चा पंख डोक्यावर, खाली आधाराची दांडी. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून शिकाऊ वैमानिक ज्यावर उडतात त्या डायमंड डीए-४० चा पंख खाली आणि शेपटी इंग्रजी टी अक्षरासारखी. हे सोपे.

अवघड ते दुर्मीळ. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेले भारतीय पुष्पक अमेरिकेच्या एरोंका चीफशी इतके मिळतेजुळते की धूसर फोटोत अनुभवीही चकतो. शेतावर औषध फवारायला केलेले बसंत मात्र विसरणे कठीण : वैमानिक उंच बसवलेला, पुढे औषधाची टाकी. ही विमाने बनली अवघी ३९.

आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी बांधलेले टीएसी-००३ विमान? २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याला जुळे नाही, मग तुलना कशाशी करणार? अशा वेळी कामी येतात ती शेपटीजवळची नोंदणीची अक्षरे. भारतीय नागरी विमानांच्या नोंदणीची सुरुवात ‘व्हीटी’ने होते. २०१७ मध्ये यादवांना मिळाले व्हीटी-एनएमडी, आणि ती शेवटची तीन अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली आहेत.