गाडी घेताना : चालकाची केबिन आणि बाकीची केबिन

शोरूममध्ये गाडी उभी असते. दार लागताना आवाज कसा येतो, डॅशबोर्डला बोट लावलं की तो दबतो की टणक लागतो, स्क्रीन केवढी आहे, सीटची शिलाई कशी आहे, हे सगळं दोन मिनिटांत कळतं. ती गाडी वळणावर कशी वागते हे मात्र शेजारी सेल्समन आणि पुढे रिक्षा असताना उरकलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये क्वचितच समजतं. त्यामुळे सौदा ठरताना इंटिरिअरचं पारडं आधीच जड असतं. गेल्या आठवड्यात आपण पॉवर आणि टॉर्कचे आकडे वाचायला शिकलो. आजचा प्रश्न त्याहून अवघड आहे. स्पोर्ट्स सेडान घ्यायची तर आतल्या दर्जासाठी किती पैसे मोजायचे, आणि चालवण्यातल्या गुणासाठी किती?

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत स्पष्ट दिसला तो बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिजमध्ये. जानेवारी २०२१ मध्ये तिची ग्रॅन लिमोझिन आली. नेहमीच्या गाडीपेक्षा व्हीलबेस ११० मिलिमीटर जास्त, आणि ही सगळी वाढ मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी. दोनच महिन्यांनी एम३४०आय आली. लांबी मूळची, तीन लिटरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. लिमोझिनची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सुमारे ५२ लाख होती, एम३४०आयची सुमारे ६३ लाख. कंपनीने ग्राहकाला जणू सरळच विचारलं होतं : तुम्ही पुढे बसणार की मागे?

मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच गाडीत पूर्णपणे मिळत नाहीत. व्हीलबेस वाढला की गाडी सरळ रस्त्यावर अधिक स्थिर आणि आरामशीर होते, पण घट्ट वळणात वळायला आळस करते. आवाज अडवणारे थर, जाड काचा, मोटरवर सरकणाऱ्या सीट, सनरूफची काच, या प्रत्येकाचं वजन असतं, आणि सनरूफचं वजन तर नेमकं गाडीच्या डोक्यावर बसतं. सस्पेंशन खड्डे गिळण्याइतकं मऊ ठेवलं की ब्रेक मारताना नाक खाली जातं आणि वळणात गाडी कलते. इंजिनिअर यातून मध्यममार्ग काढतो. तो कोणत्या बाजूला झुकला आहे, हे ओळखणं आपलं काम.

चालवण्यातला गुण म्हणजे शून्य ते शंभरचे सेकंद, ही समजूत आधी बाजूला ठेवू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्यांना मर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे. पाच सेकंदांत ती गाठली की पुढे उरलेल्या ताकदीचं करायचं काय? खरी परीक्षा ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोलीच्या घाटात होते, तीही ताशी चाळीस ते साठच्या वेगात.

तिथे काय घडतं ते सावकाश पाहू. तुम्ही वळणाआधी ब्रेक दाबता, वजन पुढच्या चाकांवर येतं. स्टिअरिंग वळवता, वजन बाहेरच्या दोन चाकांकडे सरकतं. आता वळणाच्या ऐन मध्यावर पावसाने उखडलेला एक पट्टा येतो. सामान्य सस्पेंशनची गाडी तिथे उचलली जाते, क्षणभर टायरची पकड सुटते आणि गाडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे दरीकडे किंवा समोरून येणाऱ्या एसटीकडे, हातभर सरकते. तुम्ही घाबरून स्टिअरिंग आणखी वळवता. चांगल्या चॅसीची गाडी त्याच पट्ट्यावर दणका घेते, पण तिचा मार्ग बदलत नाही. स्प्रिंग दबते, शॉक अॅब्झॉर्बर तिला एकाच झटक्यात शांत करतो, आणि स्टिअरिंगमधून तुमच्या हातांना कळत राहतं की पुढच्या टायरची पकड अजून किती शिल्लक आहे. याला मी परफॉर्मन्स म्हणतो. यात हौस आहेच, पण सुरक्षितताही आहे. मागच्या सीटवर आईवडील आणि मुलं असताना ही सुरक्षितता एअरबॅगच्या आधी कामाला येते.

आता इंटिरिअर. त्याचे सरळ दोन भाग करावेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. एक भाग गाडी चालवण्यासाठी वापरायचा : सीट, स्टिअरिंग, पेडल, आरसे, समोरची दृष्टी, हाताला न बघता सापडणारी बटणं. दुसरा बसण्यासाठी आणि बघण्यासाठी : लेदर, लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा पट्टा, रंगीत दिवे, स्पीकर, मोठी स्क्रीन. पहिला भाग हा परफॉर्मन्सचाच भाग आहे. सीटला बाजूचा आधार नसेल तर वळणात शरीर घसरतं, चालक तोल सावरायला स्टिअरिंग घट्ट धरतो, आणि ज्या हातांनी रस्ता ओळखायचा तेच हात खुर्चीचं काम करू लागतात. १९७५ साली पहिली थ्री सीरिज आली तेव्हा बीएमडब्ल्यूने डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे किंचित वळवला होता. त्या गाडीत ऐषआराम फारसा नव्हता, पण केबिन कोणासाठी आहे याबद्दल संशयाला जागा नव्हती.

या कसोटीवर आजच्या अनेक महागड्या केबिन उण्या ठरतात. चाकणला तयार होणारी, २०२२ ची मर्सिडीज सी-क्लास आत बसल्यावर डोळे दिपवते. ११.९ इंचांची उभी स्क्रीन, सुरेख दिवे, हाताला लागेल ते मुलायम. पण एसीसाठी त्या स्क्रीनकडेच बघावं लागतं, आणि स्टिअरिंगवरची बटणंही स्पर्शाची. थ्री सीरिजमध्येही २०२२ च्या बदलांनंतर एसीची बहुतेक बटणं स्क्रीनमध्ये गेली. गोल नॉब राहिला, एवढं समाधान. घाटात काचेवर वाफ धरल्यावर स्क्रीनमध्ये बोट फिरवायला लावणारी केबिन कितीही सुंदर असली, तरी चालकाच्या दृष्टीने ती कमी दर्जाची आहे.

साठ लाखांच्या गोष्टी फार झाल्या. बहुतेक वाचकांसाठी हीच निवड वीस लाखांच्या आसपास उभी राहते. एकीकडे चाकणच्याच स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस : दीड लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. दुसरीकडे २०२३ ची ह्युंदाई व्हर्ना टर्बो : तीही दीड लिटरची, १६० पीएस, २५३ न्यूटन-मीटर. कागदावर व्हर्ना थोडी पुढे. आतही पुढे : १०.२५ इंचांचे दोन जोडलेले पडदे, गार आणि गरम दोन्ही होणाऱ्या पुढच्या सीट. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिघींनाही पाच तारे, म्हणजे त्या आधारेही निवड होत नाही. तिघींचं मागचं सस्पेंशनही एकाच प्रकारचं, टॉर्शन बीम. तरी माझा कौल चाकणकडे. टणक प्लास्टिक भरपूर आहे आणि एसीचं स्पर्शाचं पॅनेल मला आवडत नाही, पण वेगात आणि वळणात त्या दोन गाड्यांची बैठक अधिक पक्की वाटते, स्टिअरिंगवर विश्वास बसतो. रोज सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या कोंडीत तासभर बसणाऱ्याने व्हर्ना घेतली तर त्याची निवड मला चुकीची वाटणार नाही. पाठ गार ठेवणारी सीट तो रोज वापरेल.

पैसे कुठे घालायचे हे ठरवताना एक गोष्ट मी कायम पाहतो : नंतर काय बदलता येतं? सीटचं कव्हर, स्पीकर, दारांतलं डॅम्पिंग, दिवे हे पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नंतरही होतं. (वायर कापू देऊ नका, वॉरंटीचा वाद होतो.) इंजिनची ताकदसुद्धा, वॉरंटी पणाला लावून, ट्यूनिंगने वाढवता येते. पण व्हीलबेस, वजनाची वाटणी, सस्पेंशनची मूळ रचना, स्टिअरिंगचा स्वभाव, चालकाची बैठक आणि सांगाड्याचा कणखरपणा कारखान्यातून जसे येतात तसेच राहतात. जे नंतर विकत मिळत नाही त्याला पहिल्या दिवशी पैसे द्यावेत.

तरीही केबिनकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे रांजणगावात तयार झालेल्या फियाट लिनिया टी-जेटने दाखवलं. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, ११४ पीएस, हायड्रॉलिक स्टिअरिंग. खराब रस्त्यावर ही गाडी ज्या शांतपणे धावायची ते आठवून तिचे चाहते आजही हळहळतात. पण पायांपाशी जागा अरुंद, आतली मांडणी जुनाट. रोज गाडीत बसणाऱ्या कुटुंबाला घाट महिन्यातून एकदा भेटतो आणि डॅशबोर्ड रोज. एवढी गुणी गाडी मोजक्या घरांपर्यंतच पोचली, याचं मला वाईट वाटतं.

दर्जा म्हणजे मऊपणा, असंही समजू नये. काही जुन्या युरोपीय गाड्यांमधली रबरी लेपाची बटणं आपल्या दमट हवेत चिकट होतात, आणि साधं टणक प्लास्टिक दहा वर्षं जसंच्या तसं राहतं. दर्जा आवाजावरून ओळखा. एसी आणि गाणी बंद करा, गाडी तिरकी स्पीडब्रेकरवर घाला आणि कान द्या. डॅशबोर्डमधून कुरकुर आली तर ती वर्षागणिक वाढेल. दाराच्या पॅनेलवर अंगठा दाबा, मधल्या कन्सोलला गुडघा टेकवून जोर द्या. हललं तर पुढे वाजणार.

टेस्ट ड्राइव्ह आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर मागा. जो व्हेरिअंट घेणार तोच मागा, कारण चाकाचा आकार बदलला की गाडी बदलते. सेल्समनने ठरवलेल्या गुळगुळीत फेरीऐवजी तुमच्या ओळखीचा एखादा खराब रस्ता आणि एखादं वळण निवडा, आणि तुमची आत्ताची गाडी त्याच सकाळी त्याच रस्त्यावरून आणा. वेग वाढवू नका, गरज नाही. ताशी पन्नासलाही गाडी आपला स्वभाव सांगते. नंतर घरातल्या सगळ्यांना मागे बसवून तोच रस्ता पुन्हा करा आणि त्यांचं मत वेगळं लिहून घ्या. तुमच्या मतात ते मिसळू नका.

परत येताना त्या गाडीला कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे टायर होते तेही टिपून ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशी दुसऱ्याच कंपनीचे मिळू शकतात, आणि स्टिअरिंगचा अनुभव बराच बदलू शकतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.