जागतिक-काल घड्याळ
जगातील प्रमुख कालविभागांची वेळ एकाच तबकडीवर दर्शविणारे घड्याळ. जिनीव्हाचे घड्याळजी ल्वी कॉत्ये (१८९४–१९६६) यांनी १९३१ मध्ये त्याची यंत्रणा सिद्ध केली. त्याच दशकात पाटेक फिलिप या कारखान्याने ती मनगटी घड्याळांत वापरली. बाहेरील कड्यावर शहरांची नावे असतात. आतील २४ तासांचे कडे काट्यांच्या उलट दिशेने दिवसातून एकदा फिरते व प्रत्येक नावासमोर तेथील तास दर्शविते. काही मौल्यवान घड्याळांत तबकडीच्या मध्यावर सोन्याच्या बारीक तारांचे खण करून त्यांत रंगीत मीना भरतात व तो भट्टीत भाजतात. सर्व शहरांना मिनिटकाटा एकच असल्याने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ मूळ रचनेत थेट वाचता येत नाही. अर्ध्या तासाचा हिशेब मनात करावा लागतो.