शिकणाऱ्यांचा वाटा

१६ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपये आणि दोन लाख रोजगारांचे उद्दिष्ट. त्याआधी मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ ही जागतिक परिषद भरली होती आणि सर्जनशील तंत्रज्ञान शिकवणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत उभी राहणार हेही ठरले होते. कलेकडे रोजगार म्हणून पाहणारी एवढी मोठी रक्कम या राज्याने पहिल्यांदाच कागदावर मांडली. तिचे स्वागत करायलाच हवे. पण कलेवर सरकारी पैसा खर्च करण्याचा आपला अनुभव राज्याच्या स्थापनेइतकाच जुना आहे आणि नवी रक्कम वाटण्याआधी तो तपासणे गरजेचे आहे. तो तपासताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पैसा शिकणाऱ्या, धडपडणाऱ्या माणसापर्यंत गेला तिथे तो फळला. तयार वस्तूवर, इमारतीवर किंवा कलावंताच्या उतारवयावर येऊन थांबला, तिथे त्याने थोडा दिलासा दिला, पण परंपरा पुढे नेली नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा राज्य नाट्य स्पर्धेचा आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. त्यात सरकार फार मोठे काही करत नाही. केंद्राच्या गावी नाट्यगृह मिळते, परीक्षक येतात, प्रयोगाच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो आणि प्राथमिक फेरीतून निवडलेली नाटके अंतिम फेरीला जातात. पण प्रवेशिका भरल्याबरोबर गावात तारीख पक्की होते. बँकेतले कारकून, शाळामास्तर, एसटीतले कर्मचारी, कॉलेजची पोरे रात्री आठनंतर कुठल्या तरी वर्गखोलीत तालमीला जमतात. कुणी नेपथ्याचे फ्लॅट रंगवतो, कुणी स्पॉटलाइट भाड्याने आणतो, कुणी पहिल्यांदाच प्रकाशयोजनेचा कागद आखतो. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके असल्यामुळे पडद्यामागच्या माणसालाही आपले काम तपासून घेण्याची संधी मिळते. कौशल्य विकास हा शब्द सरकारी फायलीत येण्याच्या कितीतरी आधी या स्पर्धेने ते काम केले.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने स्पर्धेसाठी उभे केले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला, तोही याच स्पर्धेत. व्यावसायिक निर्मात्याने या संहितांवर पैसे लावले असते का, याची मला शंकाच आहे. सरकारने उपलब्ध करून दिलेल्या रंगमंचावर त्या उभ्या राहू शकल्या. त्याच वर्षी तेंडुलकरांचेच ‘सखाराम बाइंडर’ परिनिरीक्षणाच्या कचाट्यात सापडले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना न्यायालयात जावे लागले, हेही विसरू नये. रंगमंच देणारे आणि कात्री चालवणारे सरकार एकच होते. तरीही स्पर्धेचे श्रेय कमी होत नाही. गोव्यात कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेनेही गावोगावच्या मंडळांसाठी असेच काम केले आहे. बालनाट्य, संगीत नाट्य, दिव्यांग बालनाट्य अशा फांद्या महाराष्ट्राच्या स्पर्धेला पुढे फुटल्या. आज अडचण आहे ती तालुक्यातल्या नाट्यगृहांच्या अवस्थेची आणि उशिरा हाती पडणाऱ्या रकमेची. या दोन गोष्टी सुधारायला नवे धोरण लागत नाही.

पुस्तकांच्या बाबतीतही जवळपास हेच घडले. १९६० च्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचे वीस खंड हे त्या काळातल्या संकल्पाचे फळ. ते आज संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. मंडळाची जुनी ग्रंथसंपदाही उतरवून घेता येते. डिजिटल समावेशनाचा विचार करताना या कामाकडे आपले लक्ष जात नाही, पण इंटरनेट हाती आलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत भरवशाचे काही वाचायला मिळणे, ही त्या समावेशनाची पहिली पायरी आहे. मंडळाची नवलेखक अनुदान योजना मला त्याहून मोलाची वाटते. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही, त्याचे पहिले पुस्तक काढायला ती मदत करते. इथेही पैसा सुरुवात करणाऱ्याच्या हाती जातो.

चित्रपटाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९७५ मध्ये करपरताव्याची योजना आली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळे, अट एवढीच की त्याने तो पुढच्या मराठी चित्रपटात घालावा. या अटीमुळे पैसा धंद्यात फिरत राहिला. साऊंड रेकॉर्डिस्ट, संकलक, लाइटमन यांना वर्षभर काम मिळत राहिले. अनेक चित्रपट सुमार निघाले हे खरे, पण सुमार चित्रपटाच्या सेटवरही माणूस काम शिकतो. पुढे परताव्याच्या जागी थेट अनुदान आले. त्यात तज्ज्ञ समिती तयार चित्रपट पाहते, गुण देते आणि ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये मिळतात. म्हणजे आधी चित्रपट काढा, सेन्सॉर करून घ्या आणि मग रांगेत उभे राहा. ज्याच्याकडे आधी पैसा आहे किंवा व्याजाने काढण्याची हिंमत आहे, तोच तिथवर पोहोचतो. २००४ साली ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच मराठी चित्रपट. तो मित्रांनी पैसे जमवून काढलेला होता आणि ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी दिली. संहिता लिहिण्याच्या टप्प्यावर, पहिल्या चित्रपटाच्या टप्प्यावर दिलेली छोटी रक्कम चित्रपट पूर्ण झाल्यावर दिलेल्या ४० लाखांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

इमारतींबद्दल थोडक्यात सांगतो. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली. तिथले स्टुडिओ मुख्यतः हिंदी चित्रपट आणि मालिकांनी भरलेले असतात. कोल्हापूरची चित्रनगरी तर वर्षानुवर्षे ओस पडून होती. जागा असली म्हणजे काम येतेच असे नाही.

तमाशाकडे आलो की लेखणी जड होते. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. फडमालक हंगामाच्या तोंडाशी सावकाराकडून कर्ज काढतो, त्यातून कलावंतांना उचल देतो, ट्रक, कनात, जनरेटर उभा करतो. रात्री दहाच्या बंधनाने वग अर्ध्यावर गुंडाळावा लागतो. सरकारने या कलेसाठी अनुदान योजना काढल्या, विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, प्रशिक्षण शिबिरेही घेतली. वृद्ध कलावंतांच्या मानधनाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि एप्रिल २०२४ पासून अ, ब, क असे दर्जे मोडून सर्वांना महिना ५,००० रुपये झाले. आधी ‘क’ दर्जाच्या कलावंताला २,२५० रुपये मिळत. ही वाढ मनापासून स्वागतार्ह आहे. पण मानधनाची पात्रता सुरू होते पन्नाशीला. वयाच्या पंधराव्या वर्षी ढोलकीवर हात बसवणाऱ्या पोराने पन्नाशीपर्यंत काय खायचे? करोनाच्या काळात यात्रा बंद झाल्या, फड जागेवर बसले आणि कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये देण्याचे ठरले. तेव्हा कलावंत कोण, हे सिद्ध करण्यातच बराच काळ गेला. कामगारांची नोंद असते, शेतकऱ्याचा सातबारा असतो. सोंगाड्याची नोंद कुठे आहे?

कारागिरांसाठी केंद्राने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना आणली. १३,००० कोटी रुपयांची ही योजना मला तिच्या रचनेमुळे महत्त्वाची वाटते. प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज आणि डिजिटल व्यवहाराला प्रत्येकी एक रुपया प्रोत्साहन. कौशल्य, भांडवल आणि मोबाइलवरचा व्यवहार हे तिन्ही धागे एकाच योजनेत विणले आहेत. मात्र तिच्या यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे त्यात आहेत. वाद्ये करणारे नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिकलगारांच्या पिढ्यांनी शस्त्रांची धार सोडून सतार-तंबोऱ्याचे काम धरले. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सारे हातांनी करायचे. तारांखालची घोडी घासून सूर घुमवणारी जवारी काढणे हे त्यातले सर्वांत अवघड काम, ते कानाने शिकावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदच झाला. पण मानांकनाने नकली मालाला आळा बसतो, नवा शागीर्द तयार होत नाही. चाळीस तासांच्या प्राथमिक प्रशिक्षणात जवारी येत नाही. तिथे गरज आहे ती तीन-चार वर्षे उस्तादाजवळ बसणाऱ्या मुलाला पोटापुरते विद्यावेतन देण्याची आणि शिकवण्यात गेलेल्या वेळाचा मोबदला उस्तादालाही देण्याची.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडा या कंपनीने तिच्यासारख्याच चपला मिरवल्या, तेव्हा त्या कुठून आल्या याचा उल्लेखही नव्हता. देशभर ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. मानांकनाचा उपयोग झाला तो एवढा, की भांडायला कागद हाती होता. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने अस्सल चपलेवर क्यूआर कोड आणला आहे, म्हणजे मुंबईतल्या ग्राहकाला चप्पल कुणी केली ते कळते. तंत्रज्ञान कारागिराच्या बाजूने उभे करण्याची ही चांगली सुरुवात आहे.

एरवी तंत्रज्ञान कारागिराच्या वाटेत उभे असते. विश्वकर्माची नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर अंगठ्याच्या ठशाने होते. आयुष्यभर ऐरण, चाक आणि चामडे हाताळलेल्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. मानधनासाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते, दरवर्षी हयातीचा दाखला. जिने हजारो रसिकांसमोर उभे राहून रात्र गाजवली, ती बाई ओटीपीसाठी नातवाची वाट पाहते. हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

डिजिटल शिक्षण द्यायचे कसे, हे या राज्याला चांगले ठाऊक आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने एक कोटीहून अधिक लोकांना संगणक शिकवला. तो मराठीत होता, केंद्र बाजारपेठेच्या गावात होते, फी हप्त्याने भरता येत होती आणि प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग होता. नंतर केंद्र सरकारच्या पीएमजीदिशा योजनेत देशात सहा कोटींहून अधिक ग्रामीण माणसांना वीस तासांचे शिक्षण दिले गेले. मार्च २०२४ मध्ये ती संपली. दोन्ही योजनांनी संगणक आणि मोबाइल चालवायला शिकवले. पण आपल्या वगाचे चित्रीकरण करून त्यावर हक्क कसा राखायचा, वारली चित्र ऑनलाइन विकताना करार कसा वाचायचा, मोबाइलवर आवाज स्वच्छ कसा टिपायचा, हे कलावंताला हवे असलेले शिक्षण कोणीच दिले नाही. तमाशातली गाणी यूट्यूबवर लाखो वेळा पाहिली जातात. त्यातला रुपया फडापर्यंत यायचा मार्ग मात्र कुणी दाखवलेला नाही.

म्हणून अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगच्या या धोरणाकडे मी मोठ्या अपेक्षेने आणि तितक्याच काळजीने पाहतो. स्टुडिओ आणि पार्क होतील, कंपन्या येतील. पण ३,२६८ कोटींतला ठरावीक वाटा जिल्ह्यांतल्या आयटीआय, कला महाविद्यालये आणि पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनासाठी राखून ठेवला नाही, तर मुंबई-पुण्याच्या महागड्या संस्थांत फी भरू शकणाऱ्यांनाच ते रोजगार मिळतील. पिंगुळीची चित्रकथी कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांवर गेम किंवा चित्रफीत होणार असेल, तर ती करणाऱ्यांत ही कला जपणाऱ्या ठाकर समाजातली मुलेही असावीत.

आपल्या ओळखीत कुणी वयस्क शाहीर, दशावतारी किंवा कारागीर असेल, तर त्याचा अर्ज भरायला आठवड्यातला एक तास द्या. आणि पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे नक्की विचारा, की आपल्या तालुक्यातले नाट्यगृह कधी दुरुस्त होणार, लोककलावंतांची नोंद कधी होणार आणि शिकणाऱ्या पोरांना विद्यावेतन कधी मिळणार.