बिघडलेला पहारेकरी : फुप्फुसाचा कर्करोग व जनुकोपचार

काही वर्षांपूर्वी लष्कर भागातील एक साठीचे गृहस्थ माझ्याकडे तपासणीस आले. विडीचे व्यसन चाळीस वर्षांचे. खोकला व छातीच्या फोटोतील डाग यांवरून, थुंकीत जंतू न सापडताही, त्यांना कित्येक महिने क्षयाची औषधे दिली गेली होती. निदान झाले फुप्फुसाच्या कर्करोगाचे, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. त्यांच्या मुलाने विचारले, "डॉक्टरकाका, बिघडलेल्या जनुकाच्या जागी चांगले जनुक घालता येत नाही का?" प्रश्न भाबडा नव्हता. त्याचे उत्तर येथे थोड्या विस्ताराने देतो.

आपल्या सतराव्या गुणसूत्रावर पी-५३ हे प्रथिन घडविणारे जनुक असते. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले. पेशीतील डीएनएला इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबविते, दुरुस्तीस अवधी देते, आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला आत्मनाश करावयास लावते. म्हणून त्यास अर्बुदरोधक जनुक म्हणतात. मानवाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरीच बिघडलेला आढळतो.

१९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात डॉ. जॅक रॉथ व सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९ रुग्णांच्या गाठीत, विषाणूला वाहन करून, निरोगी पी-५३ जनुक थेट टोचले. तिघांची गाठ आकसली, आणखी तिघांच्या गाठीची वाढ थांबली. २००३ मध्ये चीनने अशा औषधास डोके व मानेच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. अमेरिकेत मात्र तशी मान्यता मिळाली नाही. अडचण पोहोचविण्याची आहे. टोचलेल्या गाठीतही प्रत्येक पेशीपर्यंत जनुक जात नाही, मग शरीरभर विखुरलेल्या पेशींची गोष्टच दूर. शिवाय शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.

२०२३ मध्ये आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या कार-टी उपचारास भारतात मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु तेथे रुग्णाच्या रक्तातील पेशी बाहेर काढून त्यांत जनुक घालतात, आणि तो उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. फुप्फुसातील घट्ट गाठीचा प्रश्न निराळा.

१९९६ मध्येच आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनपासून शरीरात बनणारे द्रव्य पी-५३ जनुकावर नेमके तेथेच चिकटते, जेथे फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड आढळतात. म्हणजे विडीचा घाव पहारेकऱ्यावरच पडतो.

समव्यवसायी मित्रांना विनंती, की धूम्रपान करणाऱ्याच्या छातीत डाग असून थुंकीत जंतू नसतील, तर क्षय गृहीत धरू नये. सीटी स्कॅन व बायॉप्सी लवकर करावी. कर्करोग ठरल्यास शक्य तेथे ईजीएफआर व एएलके या जनुकांची तपासणीही करावी, कारण त्यांतील बिघाडांवर गोळ्या आज उपलब्ध आहेत. आणि समाजबांधवांना सांगणे एवढेच, की नवा पहारेकरी नेमणे अद्याप आम्हां डॉक्टरांना साधलेले नाही. असलेला जपणे मात्र आपल्या हाती आहे.