एक्झिट कोड १३

जावा शिकायला बसलेली मुलगी एक्लिप्स हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर उतरवून घेते, चिन्हावर दोनदा क्लिक करते आणि पडद्यावर एक छोटी चौकट येते: जावा सुरू झालं होतं, पण एक्झिट कोड १३ देऊन परतलं. खाली न समजणाऱ्या ओळींची रांग. मैत्रीण सांगते, "काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर." परत इन्स्टॉल होतं, चौकट तीच. अशा वेळी नवशिकी मुलं दोष स्वतःच्या अकलेला देतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोष त्यांचा नसतोच, आणि तो कुठे आहे हे बहुतेक वेळा शोधता येतं.

क्लिक आणि खिडकी उघडणं यांच्या मधे बरंच काही घडतं. आयबीएममध्ये जन्मलेलं आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं एक्लिप्स मुख्यतः जावात लिहिलेलं आहे. विंडोजला जावा थेट कळत नाही. म्हणून आपण ज्यावर क्लिक करतो तो फक्त एक छोटा लाँचर असतो. तो शेजारची 'एक्लिप्स.इनी' ही फाइल वाचतो, संगणकावरचं जावा शोधतो आणि पुढचं काम त्याच्या हवाली करतो. कुठलं जावा वापरायचं हे सांगितलेलं नसेल आणि एक्लिप्ससोबतही ते आलेलं नसेल, तर लाँचर विंडोजच्या 'पाथ' या यादीतले फोल्डर क्रमाने पाहतो आणि पहिलं सापडेल ते जावा उचलतो. दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरसाठी नवं जावा टाकलं आणि त्याने पाथमध्ये पहिली जागा घेतली, की कालपर्यंत चालणारं एक्लिप्स आज रुसतं. "मी एक्लिप्सला हातही लावला नाही" असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो.

१३ हा आकडा आला कुठून? सुरुवातीच्या टप्प्यात कुठलीही न सावरता येणारी चूक झाली, की एक्लिप्सचा जावातला भाग १३ परत करतो. हा आकडा 'अशुभ' म्हणून घेतल्याची नोंद खुद्द त्या कोडमध्येच आहे. १३ म्हणजे ३२ आणि ६४ बिटांचा घोळ, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी. घोळ त्याचा असू शकतो, बऱ्याचदा असतोही, पण १३ चा खरा अर्थ 'लॉग वाचा' एवढाच.

तो घोळ डोळ्यांनी पाहता येतो. विंडोजची कुठलीही एक्झी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. पहिली दोन अक्षरं 'एमझेड' दिसतील. ती मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. थोडं पुढे 'पीई' ही अक्षरं, दोन शून्य बाइट आणि लगेच यंत्राचा प्रकार: ६४ बिटांसाठी ६४ ८६ हे बाइट, ३२ बिटांसाठी ४सी ०१. पहिल्या प्रकारात मेमरीतला पत्ता ८ बाइटांचा, दुसऱ्यात ४ बाइटांचा. एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही प्रकारचा कोड नांदू शकत नाही. म्हणून ६४ बिटांच्या लाँचरला ३२ बिटांचं जावा चालत नाही.

आवृत्तीचंही तसंच. जावाची प्रत्येक क्लास फाइल हेक्समध्ये 'कॅफेबेब' या अक्षरांनी सुरू होते आणि पाठोपाठ आवृत्तीचा आकडा येतो: जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१. सप्टेंबर २०२२ पासूनच्या एक्लिप्सला किमान जावा १७ लागतं. जावा ८ समोर ६१ आला, की ते फाइल वाचायलाच नकार देतं.

लॉग, म्हणजे एक्लिप्सने ठेवलेली नोंद, वर्कस्पेसमधल्या (आपले प्रकल्प असतात त्या फोल्डरमधल्या) 'मेटाडेटा' फोल्डरमध्ये असतो. वर्कस्पेस उघडण्याआधीच गाडी अडली असेल तर 'कॉन्फिगरेशन' फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांचं नाव असलेली फाइल शोधा. शेवटचं सत्र गाठा आणि त्यातलं सर्वांत खालचं 'कॉज्ड बाय' वाचा. मूळ कारण बहुधा तिथेच असतं. पुन्हा इन्स्टॉल करून यातलं काही बदलत नाही, कारण वर्कस्पेस आणि पाथ दोन्ही जागच्या जागी राहतात. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर जावा' लिहा, पाथमधली सगळी जावा क्रमाने दिसतील. मग इनी फाइलमध्ये 'व्हीएम' हा पर्याय एका ओळीवर आणि हव्या त्या जावाचा पत्ता पुढच्या ओळीवर द्या. दोन्ही 'व्हीएमआर्ग्ज'च्या वर हवेत, कारण त्याखालचं सगळं थेट जावाकडे जातं.

एक अडचण मात्र एक्लिप्सपलीकडची आणि खास आपली. विंडोजवर खात्याचं नाव देवनागरीत ठेवलं, की घरच्या फोल्डरचा पत्ताही देवनागरी होतो. त्यात अँड्रॉइडचा प्रकल्प ठेवला तर बिल्डची यंत्रणा पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत म्हणून थांबते. ही तपासणी बंद करायची सोय आहे, पण तिने फक्त इशारा गप्प होतो, पुढे एखादं साधन अडखळायचं ते अडखळतंच. सध्या प्रकल्प थेट सी ड्राइव्हवर, इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. आपल्या लिपीत नाव लिहिणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी हे सांगावं लागणं मला मान्य नाही, आणि ही अडचण ज्या ज्या साधनात भेटेल तिथे ती दोष म्हणून नोंदवली गेली पाहिजे.